उजेड किती दूर लावायचा

सौंसर
रविवार, १६ नोव्हेंबर १९८६

श्रावणदादा, जयभीम.

हे पत्र तू वाचशील का चुलीत घालशील, मले माहीत नाही. सावरगावच्या हिरामणमामानं तुझा पत्ता आणून दिला. म्हणे इटारसीले मालधक्क्याजवळ एका गोदामावर चौकीदार आहेस, तब्येत बरी आहे, दाढी वाढवली आहे. दाढीचं ऐकून मायनं तोंडाले पदर लावला. रडली का हसली ते दिसलं नाही.

तू जाऊन वर्ष होत आलं. मी त्याच कारखान्यात, त्याच प्रेसवर लागली म्हणून तू गेलास, हे मले समजते. "ज्या मशीननं माहा अंगठा अन् दोन बोटं खाल्ले, तिच्याच तोंडात तू हात देऊन राहिली?" हे तुझं शेवटचं बोलणं. त्याच्यावर बोलायले हे पत्र नाही. इथं एक वेगळीच गोष्ट झाली आहे, आणि ती तुझ्याशिवाय कोणाले सांगावी ते समजत नाही. माय म्हणते, घरात मशीनचं नाव काढू नको.

दिवाळीनंतर पुण्याच्या कंपनीचा एक फिटर आला. त्यानं मोठ्या प्रेसच्या तोंडासमोर दोन खांब उभे केले, एक या बाजूले, एक त्या बाजूले. उंची कमरेपासून डोक्यापर्यंत. खांबांवर काचेचे बारीक बारीक डोळे, सीताफळासारखे. फिटर म्हणाला, "हा पडदा आहे." आमची इंदू, जी माझ्यासोबत पत्रे लावते, ती म्हणे, "कापड कुठी आहे मंग?" तो म्हणाला, कापड नाही, उजेड आहे. या खांबातून निघतो, त्या खांबात जातो. मधे हात आला की उजेड तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबते.

आम्हाले उजेड दिसेना. पण दादा, त्यानं प्रेस चालू केली, मधे हात घातला, आणि खाली येणारा तो सगळा लोखंडी धोंडा अधांतरी उभा राहिला! लाल दिवा लागला. मंग काय, सगळ्या बाया लहान लेकरासारख्या. हिनं हात घाल, तिनं पदर घाल, गुणवंता मिस्त्रीनं आपली टोपी घातली. प्रत्येक वेळी थांबली.

मले दोन गोष्टी समजल्या नाहीत. एक, जो दिसत नाही त्याले उजेड कसा म्हणायचं? दुसरी, त्यानं खांब प्रेसच्या तोंडापासून वीतभरच दूर लावले. मी विचारलं, वीतभरच काहून? तो म्हणाला, "पुस्तकात तेवढंच आहे, बाई." पुस्तकात काहून तेवढंच, ते त्याले सांगता आलं नाही. त्याले पांढुर्ण्याहून गाडी पकडायची होती.

तू ती प्रेस चार वर्षं चालवली. तुले काय वाटते, वीत पुरे आहे का?

तुझी बहीण,
वच्छला


सौंसर
रविवार, ३० नोव्हेंबर १९८६

दादा, जयभीम.

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली नव्हती असं खोटं लिहीत नाही, पाहिली होती.

वीतभराचं माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून मी वावरातून ज्वारीचे हिरवे धांडे आणले. हाताएवढा जाड नाही, पण बोटाएवढा आहेच. सकाळी काम सुरू व्हायच्या आधी प्रेस खाली येऊन राहिली होती तेव्हा मी एक धांडा झपकन उजेडातून आत सारला. थांबली. धांडा साबूत. पुन्हा सारला, पुन्हा साबूत. इंदू म्हणे, झालं ना तुझं समाधान? मी म्हणाली, झालं.

पण दुपारी जेवण करून आल्यावर एक धांडा उरला होता. हातात होता म्हणून सारला, दुसरं काही कारण नाही. लाल दिवा लागला, प्रेस थांबली, आणि धांड्याचं टोक खाली पडलं. चपटं. रस निघाला त्याचा.

मी ते टोक उचललं. इंदूनं हात पोटाशी धरले. दिवा लागला होता, म्हणजे डोळ्याले दिसलं. प्रेस थांबली, म्हणजे तिनं ऐकलं. मंग धांडा तुटला काहून?

मिस्त्रीले दाखवलं. तो म्हणे, "तू जोरात सारला असशील, वच्छला."

"हात हळू जाते का मिस्त्री? पत्रा तिरका झाला की हात कसा जाते ते तुम्ही पाहिलं नाही का?"

त्यानं पाहिलं आहे. तुझ्या हाताले आपलं धोतर फाडून त्यानंच बांधलं होतं. तो म्हणाला, शेठले सांगतो. शेठ म्हणाले, पुण्याच्या माणसाचा सही-शिक्क्याचा कागद आहे की पडदा बरोबर आहे, ज्वारीच्या धांड्यावरून कारखाना बंद ठेवू का?

तेव्हापासून मी रोज दुपारी एक धांडा सारते. कधी वाचतो, कधी तुटतो. सकाळी मात्र एकही तुटला नाही. हे कसं? प्रेस तीच, खांब तेच, हात माझाच. दुपारले काय बदलते?

तोपर्यंत मी आणि इंदू प्रेस पूर्ण वर जाऊन टेकल्याशिवाय आत हात नेत नाही. मायले यातलं काही सांगितलं नाही.

वच्छला


सौंसर
रविवार, २१ डिसेंबर १९८६

दादा, जयभीम.

मले वाटलं होतं की सापडलं. तुले सांगते, हसू नको.

प्रेस ज्या भिंतीपाशी आहे तिच्यासमोरची खिडकी पश्चिमेची. दुपारी तिच्यातून ऊन थेट त्या काचेच्या डोळ्यांवर पडते. मी म्हटलं, हेच! उन्हानं डोळे दिपतात, म्हणून उजेड तुटल्याचं त्याले उशिरा समजते. आपल्यालेही उन्हातून घरात आलं की पहिल्यांदा काही दिसत नाही ना? मी इतकी खूश झाली की दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

पुण्याच्या कंपनीच्या कागदावर पत्ता होता. तिथं पत्र टाकलं, सगळं खरं खरं लिहिलं, ज्वारीचे धांडेसुद्धा. आणि इकडे मिस्त्रीच्या मागं लागून खिडकीले तरट बांधून घेतलं. दुपारी अंधार झाला, इंदूले पत्रे दिसेनात, ती चिडली. मी धांडा सारला.

तुटला.

तरट काढलं. माझं तोंड पाहून मिस्त्रीलेच वाईट वाटलं. म्हणे, "राहू दे वो. तुह्या डोक्यात आलं तरी. माह्या डोक्यात तेही आलं नवतं."

पण ऊन नाही, तर मंग दुसरं काय? जेवणानंतर आम्ही सुस्त होतो, पण मशीन थोडीच जेवते?

दादा, एक विचारते. सांगायचं नसलं तर नको सांगू. तुझा हात गेला तो सकाळी का दुपारी? मी तेव्हा मोहगावले मावशीकडे होती. मी आली तेव्हा तू दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून निजला होतास. चौकशीच्या कागदात फक्त 'कामगाराच्या हयगयीने' असं आहे. वेळ लिहिलीच नाही. मिस्त्रीले विचारलं तर तो म्हणतो, मले रक्तच आठवते, घड्याळ नाही.

मायचे गुडघे थंडीनं धरले आहेत. ती तुझी गोधडी उन्हात टाकते आणि घडी घालून ठेवते. कोणासाठी ते बोलत नाही.

वच्छला


सौंसर
रविवार, १८ जानेवारी १९८७

दादा, जयभीम.

पुण्याहून साहेब आले! फिटर नाही, ज्यांच्या हाताखाली ते खांब बनतात ते. प्रभाकर साहेब. वय तुझ्याएवढंच असेल, चष्मा, आणि इथं उतरल्या उतरल्या त्यांनी संत्री घेतली, तर खिसे भरून. माझं पत्र त्यांच्या हातात होतं. त्यांनी पहिलं काय विचारलं माहीत आहे? "धांडे आहेत का?"

मी धांडे दिले. त्यांनी सकाळी सारले, साबूत. म्हणाले, आता जेवणापर्यंत तुम्ही रोजच्यासारखं काम करा, मी नुसता बसतो. आणि खरंच स्टुलावर बसून संत्री खात राहिले. जेवणानंतर सारला, तुटला. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. वाईट वाटलेला माणूस आणि खूश झालेला माणूस एकाच वेळी कसा दिसेल, तसा.

ते म्हणाले, "उजेडाकडे नका बघू. चाकाकडे बघू."

त्यांनी प्रेसच्या मोठ्या फिरत्या चकतीवर खडूची रेघ मारली आणि बाजूच्या लोखंडावर दुसरी. मंग मी धांडा सारला की उजेड तुटल्यावर रेघ किती पुढं जाऊन थांबते ते पाहायचं. थंड प्रेसवर ती थोडीच सरकते, भाकरीचा लहान तुकडा मोडावा एवढी. तापल्यावर पाव भाकरीच्याही पुढं! म्हणजे दादा, प्रेस ऐकते लगेच. पण थांबायले तिले वेळ लागते, आणि दुपारी जास्त लागते. कारण तिचा ब्रेक. दिवसभर घासून घासून तो तापतो, तापला की घसरतो. ब्रेकचं अस्तरही झिजून झिजून गुळगुळीत झालं होतं, मिस्त्रीनं खोललं तेव्हा त्याच्यावर तेलही निघालं. फिटरनं सकाळी थंड मशीनवर मोजलं आणि गाडी पकडली.

मंग साहेबांनी मले वीतभराचं सांगितलं. म्हणाले, माणसाचा हात एका सेकंदात दीड मीटरच्या वर जातो, असं धरतात. उजेड तुटल्यापासून प्रेस पूर्ण थांबेपर्यंत जेवढा वेळ, तेवढ्यात हात जिथपर्यंत पोचेल, त्याच्याही मागं उजेड पाहिजे. म्हणजे हात पोचायच्या आधी प्रेस थांबलेली असते. बस. एवढंच आहे ते पुस्तक!

मी विचारलं, "हात कोणाचा मोजला, साहेब? बायांचा का माणसांचा?"

ते हसले. "हे मी कधी विचारलंच नाही कोणाला."

"आमची इंदू उडती माशी मुठीत धरते."

मंग त्यांनी इंदूले माशा धरायले लावल्या आणि डोकं खाजवून म्हणाले, थोडं जास्तच धरू.

मी म्हटलं, आता ब्रेकले नवं अस्तर लावणार, मंग वीत पुरेल ना? ते म्हणाले, "नवं अस्तरही एक दिवस जुनं होणार आहे. अंतर चांगल्या दिवसावर नाही ठरवायचं. सगळ्यात वाईट दुपारवर ठरवायचं." खांब आता कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात, आणि त्याच्यावर आणखी एक वीत, एवढे दूर जातील. आणि न दिसणाऱ्या उजेडाचंही विचारून घेतलं. म्हणाले, लोखंड लाल व्हायच्या आधीच त्याची धग हाताले लागते ना, त्या जातीचा तो उजेड आहे. डोळ्याले दिसत नाही म्हणून तो नाही असं नाही.

रात्री झोप येईना इतकं बरं वाटलं. आणि म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकते. तुले वाटते मी पोटासाठी त्या प्रेसवर गेली. पोटासाठी संत्र्याच्या बगीच्यात तोडणीचं काम होतं, तेही मिळत होतं. मी गेली कारण तू काही सांगितलं नाहीस. माझा भाऊ, ज्याचा हात कधी चुकला नाही, जो पतंगाले मांजा बांधताना गाठ दिसू देत नव्हता, त्याचा हात आत राहिलाच कसा? 'हयगय' हा शब्द मले पटला नाही. मले ती जागा पाहायची होती.

वच्छला


सौंसर
रविवार, ८ फेब्रुवारी १९८७

दादा, जयभीम.

खांब मागं गेले आणि भांडण पुढं आलं.

आमचं काम नगावर, जितके नग तितके पैसे. उजेड जवळ होता तेव्हा हात पटकन आत, पटकन बाहेर. आता दूरवरून आत वाकायचं, पत्रा ठेवायचा, पूर्ण मागं यायचं, तेव्हा कुठं प्रेस चालते. जरा पदर जरी मधे आला की लाल दिवा. इंदूचे नग कमी झाले. तिच्या घरी तीन लेकरं आणि आजारी सासू. ती मले सगळ्यांसमोर बोलली, "तुहं डोकं चालते अन् आमचा हात थकते! तुले कोनं सांगितलं होतं धांडे आनाले?"

तिचंही खरंच होतं.

गुरुवारी सकाळी मी पाहिलं तर खांब पुन्हा पुढं आलेले. तळाचे नट ढिले करून सरकवले होते. कोणी ते विचारायची गरज नव्हती, इंदू माझ्याकडे पाहत नव्हती. मी मिस्त्रीकडे गेली नाही. दुपारपर्यंत थांबली. मंग तिले म्हटलं, "इंदू, एक धांडा तू सार. माह्या हातानं नको." तिनं रागारागात सारला. ब्रेकचं नवं अस्तर अजून आलं नाही, जुनंच पुसून लावलं आहे. टोक खाली पडलं, तिच्या पायाजवळ. ती स्वतःच पाना घेऊन बसली. आम्ही दोघींनी मिळून खांब मागं नेले. तिचे डोळे भरले होते. म्हणाली, "पन वच्छला, नग?"

नगाचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. ते मिस्त्रीनं काढलं. त्यानं पत्र्याची एक उतरती घसरगुंडी बनवली. पत्रा बाहेरच ठेवायचा, तो आपोआप आत घसरत जागेवर बसतो. अडकला तर लांब सांडशी. आता हात आत न्यायचं कामच कमी झालं. इंदूचे नग जवळजवळ पहिल्यासारखे झाले. मिस्त्री घसरगुंडीवर असा हात फिरवतो जसा बैलाच्या पाठीवर.

तरी शेठ म्हणून राहिले की इतकी जागा कशाले अडवता. साहेब मार्चमध्ये शेवटचं मोजायले येतील आणि तेव्हाच खांब वेल्डिंग करून पक्के करतील. तोपर्यंत नटच.

तुले हे सगळं नकोसं वाटत असेल तर एका ओळीत लिही, 'लिहू नको.' मी नाही लिहिणार.

वच्छला


सौंसर
रविवार, २२ फेब्रुवारी १९८७

दादा,

तुझं पत्र आलं.

पहिल्यांदा मले वाटलं कोण्या लेकराचं आहे. अक्षरं एवढी मोठी, एक इकडे झुकलेलं, एक तिकडे. मंग खाली नाव वाचलं. डाव्या हातानं लिहिलंस. मी दाराच्या उंबऱ्यावर बसूनच वाचलं, मायले दोनदा वाचून दाखवलं, मंग तिनं कागद घेऊन नुसता पाहिला. तिले वाचता येत नाही, पण ती बराच वेळ पाहत होती.

'राग होता, तो दोन पत्रांतच गेला. मंग लिहायले हात नव्हता. गोदामाच्या पाटीवर रोज गिरवला.' हे वाचून मी कोणाले काय सांगू? मी तीन महिने समजत होती की तू पत्रं फाडतोस.

आणि पुढं तू लिहिलंस. 'दुपारीच गेला, जेवणानंतर. पण तू समोरून पाहून राहिलीस. माझा हात समोरून गेला नाही. डाव्या बाजूनं गेला. पत्रा तिरका झाला, समोरून पोचत नव्हता, म्हणून मी बाजूले वाकून सरकवला. चौकशीत सांगितलं, कोणी लिहिलं नाही.'

बाजूनं!

दादा, मी लगेच सोमवारी जाऊन उभी राहिली. खांब आता दूर आहेत. खांबांच्या आणि प्रेसच्या मधे डावीकडे आख्खा माणूस शिरेल एवढी जागा उघडी. जेवढा आम्ही उजेड दूर नेला, तेवढीच ती वाट मोठी झाली! तिथून हात घातला तर उजेडाले काही समजतच नाही. मी इतके दिवस समोरच्या दारावर पहारा देऊन राहिली आणि बाजूची भिंतच नव्हती. साहेबांच्याही लक्षात आलं नाही. त्यांनी घाईत समोरचंच मोजलं.

मी त्यांना तार केली. तुझं नाव घालून. त्यांचं उत्तर आलं की दोन्ही बाजूंनी जाळी बसवा, ती उघडली तर प्रेस चालूच होणार नाही असं बटण पाठवतो, आणि 'तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा. शेवटच्या मोजणीला ते आले तर बरं होईल.'

मिस्त्री जाळी लावून राहिला आहे. त्याले तुझं पत्र ऐकवलं तर हातोडा खाली ठेवून म्हणाला, "त्यानं सांगितलं होतं वो तवा. मीच आयकलं नाही नीट."

येशील का? बोलायची जबरदस्ती नाही. येऊन नुसता उभा राहा.

वच्छला


सौंसर
रविवार, २२ मार्च १९८७

श्रावणदादा, जयभीम.

तुले पांढुर्ण्याले गाडीत बसवून चार दिवस झाले. स्टेशनवर आपण संत्र्याच्या भावावर बोललो, मायच्या गुडघ्यांवर बोललो, तुझ्या दाढीवर बोललो. जे बोलायचं होतं ते दोघांनीही टाळलं. म्हणून लिहिते. कारखान्यात तू प्रेसकडे पाहत होतास, त्यामुळे बाकीचं तुले दिसलं नाही.

मंगळवारी दुपारी जेवणानंतर प्रेस तापलेली होती. ब्रेकचं नवं अस्तर लागून आठवडा झाला होता. साहेबांनी धांडे सारले, एकूण एक साबूत. खडूच्या रेघा पाहिल्या, जाळी उघडून पाहिली, प्रेस चालू झाली नाही. साहेब म्हणाले, झालं, आता वेल्डिंग करा. शेठनंही मान हलवली. तू तोपर्यंत मागं, पत्र्यांच्या थप्पीजवळ, उजवा हात खिशात घालून उभा होतास. सगळ्यांना वाटलं, तू पाहून परत जाशील.

तू पुढं आलास. विचारलंस, "अंतर कोनं ठरवलं?"

साहेब म्हणाले, "मोजलं मी. पण कमी आहे हे ओळखलं तुमच्या बहिणीनं."

तू माझ्याकडे पाहिलंस. सव्वा वर्षानं पहिल्यांदा सरळ. "पक्कं?"

मी म्हणाली, "पक्कं."

तू मिस्त्रीले म्हणालास, "चालू कर." त्याले वाटलं तुले नुसती चालताना पाहायची आहे, त्यानं केली. प्रेस खाली यायले लागली आणि तू डावा हात, दादा, तुझा साबूत हात, ज्यानं तू आत्ता कुठं लिहायले शिकलास तो, पूर्ण जोरानं उजेडातून आत फेकलास.

मी ओरडली असं सगळे म्हणतात. मले माझा आवाज आठवत नाही. मले एकच आठवते. त्या क्षणी माझी नजर तुझ्या हाताकडे गेली नाही, खांबाच्या तळाशी गेली. नटाकडे. कारण मी 'पक्कं' म्हणाली, पण त्या दुपारी नट मी तपासले नव्हते. सकाळी तपासले होते. इंदू आता काही करणार नाही हे मले माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं आणि पाहिलेलं असणं वेगळं. त्या एवढ्याशा वेळात, ज्यात चाक पाव फेराही घेत नाही, मी जितकी घाबरली तितकी जन्मात घाबरली नव्हती.

प्रेस थांबली. तुझी बोटं तिच्या तोंडाच्या बाहेर होती, चांगली चार बोटं जागा ठेवून. लोखंड वर अधांतरी. तू हात काढला नाहीस. तसाच ठेवून वर पाहत राहिलास, जणू कोणी ओळखीचं माणूस बऱ्याच दिवसांनी भेटलं. मंग म्हणालास, "थांबली."

तुझ्या पाठीमागं काय झालं ते सांगते. मिस्त्री पत्र्यांच्या थप्पीवर खाली बसला आणि रडला. शेठ बाहेर निघून गेले. साहेबांचा चष्मा हातात होता, चेहरा पांढरा. ते तुझ्यावर ओरडले ना, "असं कधी करायचं नसतं, यंत्रावर माणसाचा हात लावून बघत नाहीत!" ते खरं तुझ्यावर नव्हते ओरडले, मले वाटते. तू मायकडे गेल्यावर ते परत आत आले आणि एकटेच धांडे सारत बसले, पाच वाजेपर्यंत. वेल्डिंग झालं तेव्हाच उठले. आणि इंदू, जी मले धांड्यांवरून बोलली होती, आता जेवणानंतर काम सुरू करायच्या आधी तीच सगळ्यात पहिले धांडा सारते. कोणी सांगितलं नाही तिले.

माय विचारत होती, श्रावण कारखान्यात कशाले गेला होता? मी म्हटलं, मशीन पाहायले. ती म्हणाली, "पाहिली का त्यानं?" मी म्हटलं, पाहिली. त्या रात्री तू जेवलास आणि गोधडी पांघरून असा झोपलास की तिनं तीनदा उठून पाहिलं.

तू मले नोकरी सोड म्हणाला नाहीस. कर असंही म्हणाला नाहीस. ते ठीक आहे, मी काम सोडत नाही. साहेबांनी विचारलं आहे की महिन्यातून एकदा ब्रेक किती पुढं जाऊन थांबतो ते मी मोजून पुण्याले कळवीन का. मी हो म्हटलं.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही आणि ती फक्त तुलेच माहीत आहे. तू तिथं उभा राहून तासभर धांडे साबूत निघताना पाहिले होते. ते पाहून तू हात घातलास का? का मी 'पक्कं' म्हटलं म्हणून?

कोणतंही उत्तर दे, मले वाईट वाटणार नाही. मले फक्त जाणून घ्यायचं आहे.

तुझी,
वच्छला